हे उघडतं कुठून?

मे महिन्यात एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "अरे, तुझ्या भाच्याक रिमोटची गाडी व्हयी. मामा देतलो म्हणान सगळ्यांका सांगान बसलोहा." मामा पुण्यात, त्यातून आयटीत, म्हणजे पैशाचं झाड अशी मालवणात समजूत आहे. म्हटलं, दोन क्लिकचं काम, आत्ता करून टाकू. चहा होईपर्यंत ऑर्डर जाईल असा अंदाज होता. प्रत्यक्षात तीन शनिवार-रविवार गेले आणि बायकोने दोनदा विचारलं की वाढदिवस नक्की कोणाचा आहे. हा लेख म्हणजे त्या तीन वीकएंडचा हिशोब. रिमोट गाडी घ्यायची म्हणून सुरुवात केली आणि पोचलो १८९८ मध्ये. असं होतं बऱ्याचदा, त्याला इलाज नाही.

तर मंडळी, सुरुवात माळ्यावरून.

मालवणच्या आमच्या घराच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत माझ्या लहानपणच्या दोन गाड्या आहेत. एक सावंतवाडीचा लाकडी ट्रक. हिरवा, बाजूला पिवळे पट्टे, चारही चाकं गोल गरगरीत. आजीने चितार आळीतून आणलेला. दुसरी रिमोटची गाडी, २००५ च्या गणपतीत मुंबईच्या काकांनी आणलेली. काका म्हणजे पक्के चाकरमानी, त्यामुळे जे काय आणायचं ते दोन: एक मला, एक चुलतभावाला. माझी लाल, त्याची निळी. गंमत अशी झाली की मी रिमोट दाबला की दोन्ही गाड्या पळायच्या. त्याने दाबला तरी दोन्ही पळायच्या. दोघांनी एकदम दाबलं की दोन्ही गाड्यांना फेफरं आल्यासारखं व्हायचं. पहिला दिवस भांडणात गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही शोध लावला की एकाने पुढच्या पडवीत आणि एकाने मागच्या पडवीत खेळायचं. फ्रिक्वेन्सी मॅनेजमेंटचा माझा पहिला धडा तो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला तो विषय आला तेव्हा सर काय म्हणतायत ते मला आधीच ठाऊक होतं.

माझी गाडी दिवाळीपर्यंत टिकली. मग एका संध्याकाळी फक्त डावीकडेच वळायला लागली आणि दुसऱ्या दिवशी तेही बंद. बाबा एसटीत मेकॅनिक होते. त्यांनी गाडी हातात घेतली, उलटी केली, चारी बाजूंनी फिरवली आणि विचारलं, "ह्या उघडता खंयसून?"

हा बाबांचा ठरलेला प्रश्न. घरात कुठलीही नवीन वस्तू आली, मिक्सर असो की घड्याळ, की त्यांचा पहिला प्रश्न तोच. चालते कशी, केवढ्याला पडली, हे सगळं नंतर. त्या गाडीला खाली चार स्क्रू होते, ते निघाले. आत एक छोटी मोटर, एक हिरवी पट्टी आणि त्या पट्टीवर काळ्या डांबरासारखा एक ठिपका. त्या ठिपक्याखाली चिप. वर नंबर नाही, नाव नाही, काही नाही. बाबा ती घेऊन बाजारात रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने भिंग लावून पाहिलं आणि परत दिली. ज्या वस्तूवर नंबरच नाही ती बदलणार काय? बाबांनी तरीही ती फेकली नाही. गेली वीस वर्षं ती ट्रंकेत आहे. शेजारचा लाकडी ट्रक मात्र तीन वेळा दुरुस्त झालाय. एकदा चाकाची खुंटी मोडली तेव्हा बाबांनी बांबू तासून नवीन केली. तो ट्रक भाचेराव दोन वर्षांचे असताना त्यांनीही ओढलाय.

आता ह्या रिमोटच्या भानगडीचा इतिहास. थोडा लांबून येतो, पण यायलाच हवा.

१८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी जाहीर प्रयोग करून दाखवला: तारेशिवाय, लांबून, भिंतीपलीकडची घंटा वाजवली आणि बारूद उडवली. म्हणजे दूरवरची एखादी वस्तू लहरींनी 'काहीतरी करते' हे आपल्याकडे फार लवकर दिसलं होतं. पण वस्तू चालवणं आणि वळवणं हे तीन वर्षांनी. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या टाकीत लोखंडी बांधणीची एक छोटी होडी सोडली आणि ती लांबून वळवून दाखवली, दिवे लावून दाखवले. लोकांना ही जादू वाटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला पेटंट मिळालं. पेटंटमध्ये युद्धाचा उल्लेख आहे, खेळण्याचा नाही. आणि हो, पहिलं रिमोट वाहन गाडी नव्हती, होडी होती! हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. मालवणच्या माणसाला आधी होडीच सुचणार.

होडीच का, याला कारणही आहे. तेव्हाचं सगळं सामान जड. बॅटऱ्या जड, रिले जड, पुढे व्हॉल्व्ह आले तेही नाजूक आणि खादाड. पाणी वजन उचलतं, त्यामुळे होडीला चालायचं. छोट्या गाडीला ते ओझं झेपणारं नव्हतं. १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्माला आला, मग हळूहळू स्वस्त झाला आणि तेव्हा कुठे गाडीची पाळी आली. इटलीतल्या रेज्जो एमिलिया गावच्या एका खेळण्यांच्या कंपनीने, एलेत्रोनिका जोकातोली नावाच्या, १९६६ मध्ये फेरारी २५० एलएमचं १:१२ मापाचं रिमोट मॉडेल विकायला काढलं. बाजारात विकत मिळणाऱ्या रिमोट गाड्यांमधली ही पहिली धरतात. मग इंग्लंडात क्लब निघाले, शर्यती सुरू झाल्या. गाडी जेवढी हवी तेवढीच वळावी, बटण दाबलं की एकदम टोकाला जाऊ नये, याला प्रमाणबद्ध नियंत्रण म्हणूया. ही सोय हौशी गाड्यांत आली. स्वस्त खेळण्यांत मात्र अनेक वर्षं तेच राहिलं: पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे, मधलं काही नाही. माझी लाल गाडी त्याच कुळातली.

फ्रिक्वेन्सीचंही तसंच. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा रंगांचे सहा चॅनल. शर्यतीच्या ठिकाणी एक फळा असायचा, त्यावर त्या त्या रंगाची चिमटी. ज्याच्याकडे चिमटी त्यानेच रिमोट चालू करायचा, नाहीतर दुसऱ्याची गाडी भिंतीवर. हौशी लोक आपल्या गाडीतलं क्रिस्टल बदलून चॅनल बदलायचे. आणि स्वस्त खेळणी बहुतेक सगळी एकाच चॅनलवर, त्यातून त्यांच्या सिग्नलमध्ये पत्ता नावाची गोष्टच नसायची. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅकेट आहे, पण डेस्टिनेशन नाही. ज्याला ऐकू येईल त्याने पळावं. वीस वर्षांनी मला आमच्या पडवीतल्या भांडणाचं मूळ सापडलं, आणि मी चुलतभावाला रात्री साडेअकराला फोन करून ते सांगितलं. तो म्हणाला, झोप.

यावरचा उपाय मात्र भलत्याच ठिकाणी तयार होता. १९४२ साली हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एक पेटंट मिळालं. पाणतीर रेडिओने चालवायचा, पण शत्रूला तो सिग्नल अडवता येऊ नये म्हणून दोन्हीकडे फ्रिक्वेन्सी एकाच तालात उड्या मारत ठेवायची. ८८ फ्रिक्वेन्सी, पियानोच्या पट्ट्यांएवढ्या. नौदलाने तेव्हा ते बाजूला ठेवलं. पुढे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात याच जातीच्या युक्त्या वापरून आपलं वायफाय आणि ब्लूटूथ उभं राहिलं, आणि २००० नंतरच्या काही वर्षांत रिमोट गाड्याही तिथे आल्या. रिमोट आणि गाडी एकमेकांना एकदा ओळखतात आणि मग शेजारी वीस गाड्या असल्या तरी फरक पडत नाही. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे काका आमच्यासाठी दोन गाड्या घेऊन कोकणकन्येत चढले त्याच वर्षी. आठ महिन्यांचा प्रश्न होता, पण बाजारातल्या खेळण्यांना ही बातमी पोचायला बरीच वर्षं लागली.

इथवर वाचलं आणि मला वाटलं आता फक्त गाडी निवडायची. पण गाडी निवडताना सारखं एक नाव समोर येत होतं, तामिया. आणि ते नाव कुठून आलं ते पाहिल्यावर माझा दुसरा वीकएंड गेला, कारण ती गोष्ट थेट सावंतवाडीला येऊन टेकते.

जपानमध्ये शिझुओका नावाचं शहर आहे. जपानच्या प्लास्टिक मॉडेलांची राजधानी. तामिया, आओशिमा, फुजिमी, सगळे तिथलेच. बांदाईचाही मॉडेलांचा कारखाना तिथे. एकाच गावात हे एवढं सगळं का? तर तिथला इतिहास असा सांगतात की सतराव्या शतकात शोगुनांनी सेंगेन मंदिराच्या बांधकामासाठी ठिकठिकाणचे सुतार, कोरीवकाम करणारे आणि लाखेचं काम करणारे कारागीर आणले. देऊळ झालं, कारागीर तिथेच राहिले. त्यांच्यातून लाकूडकामाचा आणि लाखकामाचा धंदा गावात रुजला. १९४६ साली योशिओ तामिया यांनी तिथे लाकडाची वखार काढली. पुढच्या वर्षी उरलेल्या लाकडातून मॉडेलांचे सुटे भाग करायला सुरुवात केली. १९५१ मध्ये आग लागून लाकडाचा साठा जळाला, आणि १९५३ पर्यंत लाकूडविक्री बंद करून ते पूर्णपणे मॉडेलांकडे वळले. लाकडी मॉडेलं, बरं का. तेवढ्यात अमेरिकेतून प्लास्टिकची मॉडेलं आली आणि लाकडाला कोणी विचारेना. तामियांनी १९६० मध्ये पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं, यामातो युद्धनौका. ते पडलं, कारण दुसऱ्या कंपनीने तीच नौका स्वस्तात विकली. मग त्यांनी पँथर रणगाडा काढला, मोटरवर चालणारा. आत मोटर आणि बॅटऱ्या बसल्या पाहिजेत एवढा त्याचा आकार ठेवला. नंतर मोजलं तर माप निघालं साधारण १:३५. आज जगभर लष्करी मॉडेलांचं जे प्रमाणमाप मानतात ते १:३५ असं बॅटरीच्या आकारातून आलेलं आहे. आपल्या क्षेत्रात असं बरंच काही असतं. कुणीतरी एकदा घाईत ठरवलेला आकडा, आणि मग सगळं जग त्याच्यावर चालतं.

१९७६ मध्ये योशिओंचे चिरंजीव शुन्साकू तामिया यांनी पहिली रिमोट गाडी काढली, पोर्शे ९३४. तिचं मॉडेल बिनचूक व्हावं म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती पूर्ण खोलली. हे वाचून मी दोन मिनिटं खुर्चीत मागे टेकून बसलो. ह्या उघडता खंयसून! जपानीत हे कसं म्हणतात कोण जाणे, पण प्रश्न तोच. आणि महत्त्वाचं म्हणजे ती रिमोट गाडी तयार मिळत नव्हती. खोक्यात सुटे भाग यायचे आणि एक पुस्तिका. जोडायची तुम्ही. म्हणजे गाडी पहिल्यांदा चालण्याआधी तिचा प्रत्येक स्क्रू तुमच्या हाताखालून गेलेला असायचा. मोडली तर काय मोडलंय ते तुम्हाला माहीत, आणि त्या भागाला नंबर आहे, नाव आहे, तो विकत मिळतो. १९७९ मध्ये त्यांच्या वाळूत पळणाऱ्या दोन बग्ग्या आल्या, रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर. सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका बंद पारदर्शक डबीत, पाणी-वाळू आत जाऊ नये म्हणून. १९८४ मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट. त्याच साली अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची आरसी१० आली, तिने शर्यतींचं जग बदललं. पण पोरांच्या हाती पडली ती ग्रासहॉपरच. साधी, स्वस्त, मजबूत. शुन्साकू तामिया जुलै २०२५ मध्ये गेले, नव्वद वर्षांचे होऊन.

आता सावंतवाडी. मोती तलावाच्या काठावरून बाजारात शिरलात की चितार आळी लागते. पांगारा, शिवण, आंबा असल्या लाकडाची खेळणी, रंगवलेले पाट, पाळणे, भातुकली, आणि ती प्रसिद्ध लाकडी फळं, जी लांबून खरी वाटतात आणि पाहुण्यांच्या पोरांनी हमखास चावून पाहिलेली असतात. इथेही तेच: संस्थान, सावंत-भोसल्यांचा आश्रय, लाकूड, लाख, रंग. गंजिफा हा सगळ्यात नाजूक प्रकार. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. विसाव्या शतकात ती कला जवळजवळ बुडाली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. आजही तिथे जाऊन पत्ते रंगवताना बघता येतात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळालं.

दोन गावं. दोन्हीकडे लाकूड, दोन्हीकडे लाख, दोन्हीकडे देवा-राजासाठी आलेले कारागीर. एका गावातून जगभर रिमोट गाड्या गेल्या आणि दुसऱ्या गावातून लाकडी आंबे. हे वाचून पहिल्यांदा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग जरा विचार केल्यावर वाटलं की ही तुलना सावंतवाडीवर अन्याय करणारी आहे. शिझुओकाच्या सुताराला शेजारी मोटर मिळत होती. माबुची ही कंपनी १९५४ मध्ये खेळण्यांच्या छोट्या मोटरी बनवायलाच निघाली होती. सावंतवाडीच्या सुताराने मोटर आणायची कुठून? रेल्वे यायलाच विसावं शतक संपत आलं. जिल्हा झाला तो १९८१ मध्ये, त्याआधी सगळं रत्नागिरीच्या नावावर. चिताऱ्याच्या हातात काही कमी नव्हतं. त्याच्या आजूबाजूला कमी होतं. आणि एका बाबतीत आमचा हिरवा ट्रक तामियाच्याच जातीचा होता: तो उघडायचा. म्हणजे उघडायला त्यात काही नव्हतंच, सगळं समोरच होतं. खुंटी मोडली तर दिसायची, आणि घरचा बांबू चालायचा. माझी लाल गाडी या दोन्ही गावांची नव्हती. ती अशा कुठल्यातरी कारखान्यातून आली होती जिथे कोणी गृहीतच धरलं नव्हतं की मालवणात एक एसटी मेकॅनिक ती उलटी करून बघेल.

तर आता खरेदी. तिसरा वीकएंड.

भारतात सध्या तीन वाटा आहेत. पहिली, दीड-दोन हजारांची खेळण्याच्या दुकानातली गाडी. हल्ली त्याही २.४ गिगाहर्ट्झच्या असतात, त्यामुळे पडवीतली भांडणं होणार नाहीत. पण सुटे भाग मिळत नाहीत. दुसरी, हौशी दर्जाची, पण तयार जोडलेली गाडी. चार्ज करा आणि पळवा. यात हल्ली ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी असते आणि ती गाडी अक्षरशः गोळीसारखी सुटते. पुण्यात ऑफिसमधला एक मित्र आहे, त्याच्याकडे अशी आहे. त्याने ती मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवायला दिली. चार सेकंदांत मी ती एका स्कूटरवर घातली. दहा वर्षांच्या पोराची पहिली गाडी म्हणून मला ती पटली नाही. त्या बॅटरीचंही एक आहे: एका सेलचा व्होल्टेज तीनच्या खाली गेला की ती बिघडते, फुगलेली दिसली की वापरायची नाही, आणि चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही. आमच्या घरी मोबाइल रात्रभर उशाखाली चार्जिंगला असतात. नको. निकेल-मेटल हायड्राइडचा सहा सेलचा, ७.२ व्होल्टचा पॅक जड असतो, हळू असतो, पण चुका पोटात घालतो.

तिसरी वाट, किट. सुटे भाग, पुस्तिका, जोडा तुम्ही. रिमोट, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यायचे, हे पहिल्यांदा घेणाऱ्याला कळत नाही आणि मग खोकं उघडल्यावर घरात शोककळा पसरते. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

किमतीचं म्हणाल तर बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. चिनी खेळण्यांचा पूर आला होता, त्यातल्या कित्येकांचा रंग आणि प्लास्टिक पोरांच्या तोंडात जाण्याच्या लायकीचं नव्हतं, त्यामुळे यामागचं कारण मला मान्य आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं, आणि हस्तकलेच्या नोंदणीकृत कारागिरांना त्यातून सूट मिळाली, हे तर उत्तमच. पण सीमाशुल्काच्या वहीत ९५०३ हा एकच रकाना आहे आणि त्यात बाहुली, तिचाकी सायकल आणि प्रमाणमापातली मॉडेलं एकत्र बसतात. दुरुस्त होणारी गाडी आणि फेकून द्यायची गाडी यांत सरकारला फरक दिसत नाही. त्यामुळे किट महाग पडतं. मी काढलेला हिशोब बायकोला दाखवला नाही. इथे लिहितोय खरा, पण ती हे वाचत नाही असं मी धरून चाललोय.

मालवणचे म्हणून काही वेगळे प्रश्न आहेत. आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. खारा वारा लोखंडाचं काय करतो ते आमच्याकडे खिडकीच्या गजांना विचारा. वाळू तर शत्रूच. बारीक कण गिअरबॉक्समध्ये शिरला की कानसेसारखं काम करतो. चिवला बीचवर गाडी पळवायची स्वप्नं भाचेराव बघतायत, पण किनाऱ्यावर गाडी न्यायची तर ओल्या घट्ट वाळूवरच, आणि घरी आल्यावर ब्रश मारून, पुसून, बेअरिंगना तेल देऊन. खरी जागा म्हणजे सडा. जांभ्याचा तो सपाट कातळ, पावसाळ्यात फुलांनी भरतो आणि उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. चिपीचा विमानतळही असल्याच सड्यावर आहे. विमान उतरतं तर बग्गी का नाही पळणार? दगड खरखरीत, त्यामुळे खालून उंच आणि मोठ्या टायरची गाडी हवी. रस्त्यावरच्या शर्यतीची बुटकी गाडी तिथे पहिल्या दहा फुटांत पोट खरवडून घेईल.

हे सगळं एका कागदावर लिहिलं आणि उत्तर आपोआप आलं. ग्रासहॉपर. १९८४ ची, २००५ मध्ये कंपनीने पुन्हा काढलेली. पुन्हा २००५! मागच्या चाकांवर चालणारी, साधी ब्रशवाली मोटर, मोठे टायर. वेगाच्या बाबतीत आजच्या गाड्या तिला मागे टाकून चहा पिऊन येतील. पण भागांची यादी पुस्तिकेत आहे आणि भाग मिळतात. सोबत २.४ गिगाहर्ट्झचा साधा पिस्तुलासारखा रिमोट, निकेलचा पॅक, आपोआप बंद होणारा चार्जर, आणि प्लास्टिकच्या बुशांऐवजी बॉल बेअरिंगचा संच. शेवटचं ते मालवणसाठी. कोणी विचारलंच तर पहिला वरखर्च तिथे करा, मोटरवर नको.

आणखी एक वस्तू घेतली, जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर. जपानी फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने घट्ट केले की डोकं खराब होतं. दिसायला सारखे, पण कोन वेगळा. दोनशे रुपयांच्या हत्याराने हजारोंची गाडी वाचते.

जूनच्या पहिल्या शनिवारी रात्रीच्या बसने मालवणला पोचलो. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. निवृत्तीनंतर आणि त्यातून डोळ्यांमुळे गेलं वर्ष-दीड वर्ष ते पडवीत नुसते बसून असायचे. ताई फोनवर एवढंच म्हणायची, "बाबा काय्येक बोलनत नाय." मी ते ऐकायचो आणि मीटिंगला जायचो.

भाचेरावांनी खोकं फाडलं आणि तोंड पाडलं. आत गाडी नव्हतीच, पिशव्या होत्या. "मामा, गाडी खंय?" मी पुस्तिका उघडली. रविवारचा पाऊस बाहेर धो-धो. पहिल्या पानापासून सुरुवात केली, मी आणि तो. बाबा लांबून बघत होते. गिअरबॉक्सची पिशवी फोडली तेव्हा छोटे शंकूच्या आकाराचे गिअर पाटावर सांडले. बाबा उठले. चष्मा शोधला, पाटाजवळ बसले, तीन गिअर उचलून तळहातावर एकमेकांत बसवले आणि बोटाने फिरवून पाहिले.

"ह्यो तर डिफरन्शियल," ते म्हणाले. "आमच्या गाडयेचो. बारको केल्यानी."

मग त्यांनी भाच्याला समजावलं, गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर का जावं लागतं ते. दोन बांगड्या आणि एक पेन्सिल घेऊन. मला एसटीचा डिफरन्शियल त्यांनी कणकवली डेपोत नेऊन दाखवला होता, मी सातवीत असताना. ते मी विसरलो होतो. ग्रीस किती लावायचं यावरून पुस्तिकेचं आणि त्यांचं पटेना. पुस्तिका म्हणत होती थोडं, बाबा म्हणत होते खाऱ्या हवेत थोडं चालत नाही. शेवटी बाबांचं चाललं.

दुपारी बारीक स्क्रू त्यांना दिसेनासे झाले तेव्हा स्क्रूड्रायव्हर भाच्याकडे गेला आणि ते नुसतं सांगायला लागले: अर्धा फेरा, बास, आता समोरचा. संध्याकाळी मी बस पकडली तेव्हा गाडी अर्धीच झाली होती. पुढची चाकं बसली होती, मागची नव्हती. बुधवारी ताईचा फोटो आला: गाडी पूर्ण, बाजूला ट्रंकेतून काढलेली माझी लाल गाडी, उघडलेली. खाली भाच्याने लिहिलं होतं, हिची मोटर चांगली आहे, आजोबा म्हणतात होडी करूया.